‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली का? एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ, कामगारांनी समजून घ्यावेत असे

बोरगाव (ता. सौंसर) : बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला जाणाऱ्या घरांमध्ये एक इंग्रजी शब्द नेहमी कानावर पडतो, तो म्हणजे ‘ले-ऑफ’. माल साचला, मशीन बिघडली, कच्चा माल आला नाही, की सुपरवायझर म्हणतो, ‘उद्यापासून ले-ऑफ आहे.’ नोटीस बोर्डावरच्या हिंदी कागदावर ‘कामबंदी’ लिहिलेलं असतं आणि घरी आल्यावर बायकोला सांगताना त्याचं होतं, ‘घरी बसवलं.’ गोष्ट एकच, पण शब्द तीन. यातूनच गैरसमज होतो आणि तो कधी कधी महागात पडतो.

शब्द कसा बनला?

‘ले’ म्हणजे ठेवणं आणि ‘ऑफ’ म्हणजे बाजूला, दूर. क्रियापदाला असा छोटा शब्द जोडला की इंग्रजीत अर्थच बदलतो. व्याकरणात याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. आपल्याकडेही ‘बसणं’ वेगळं आणि ‘बसवून ठेवणं’ वेगळं, तसंच काहीसं.

रोजच्या इंग्रजीत ‘ले ऑफ’चे अर्थ बरेच आहेत. डॉक्टर म्हणतो ‘ले ऑफ शुगर’, म्हणजे साखर सोडा. कोणी फार त्रास देत असेल तर ‘ले ऑफ’ म्हणतात, म्हणजे पिच्छा सोड. भूतकाळात ‘ले’चं ‘लेड’ होतं. म्हणून ‘ही वॉज लेड ऑफ’ म्हणजे त्याला कामावरून बाजूला केलं. यात मालकाने बाजूला केलं, कामगाराने काम सोडलं नाही, हे लक्षात ठेवावं.

बाप बोरगावला, पोरगा पुण्याला

समजा, वडील बोरगावच्या कारखान्यात आहेत आणि मुलगा पुण्यात आयटी कंपनीत. एकाच महिन्यात दोघांनाही ‘ले-ऑफ’ मिळाला. मुलाचा अर्थ असा की नोकरी संपली, आता दुसरी शोधायची. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ तात्पुरतं थांबवणं असाच होता. पुढे अमेरिकेत कायमच्या कपातीलाही तोच शब्द वापरू लागले आणि आयटीच्या बातम्यांमधून तो अर्थ आपल्याकडे आला.

वडिलांचा ले-ऑफ मात्र कायद्यातला आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५३ साली दुरुस्ती होऊन ही व्याख्या आली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल कमी पडला, माल साचला, यंत्र बिघडलं किंवा नैसर्गिक आपत्ती आली आणि त्यामुळे मालक हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला काम देऊ शकला नाही, तर तो ले-ऑफ. म्हणजे नाव हजेरीपटावर कायम, नोकरी कायम, फक्त काम थांबलेलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हा गाभा तोच आहे.

सारखे वाटणारे चार शब्द

- कामबंदी (ले-ऑफ) : काम तात्पुरतं थांबतं, नोकरी राहते.
- छटनी किंवा कामगार कपात : नोकरी जाते. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं.
- टाळेबंदी : वादामुळे मालक गेट बंद करतो.
- काम बंद आंदोलन : हे कामगार करतात. ‘कामबंदी’शी नाव जुळतं, पण अर्थ उलटा आहे.

पैसे किती मिळतात?

ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के भरपाई मिळते. साप्ताहिक सुट्टी त्यात धरत नाहीत. समजा मूळ वेतन आणि भत्ता मिळून रोजचे ५०० रुपये होतात आणि ले-ऑफ ६ दिवसांचा आहे, तर ३,००० ऐवजी १,५०० रुपये मिळतील.

यासाठी अटी आहेत. कारखान्यात सरासरी ५० किंवा जास्त कामगार हवेत आणि काम सीझनपुरतं चालणारं नको. कामगाराची एक वर्षाची सलग नोकरी हवी. साधारणपणे १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती धरतात. बदली आणि कॅज्युअल कामगाराला ही भरपाई नाही. पण बदली कामगाराने वर्षाची सलग नोकरी पूर्ण केली, की या हिशेबात त्याला बदली समजत नाहीत. बारा महिन्यांत ले-ऑफ ४५ दिवसांवर गेला आणि तसा करार झालेला असेल, तर पुढच्या दिवसांची भरपाई थांबू शकते. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफसाठी आधी सरकारची परवानगी लागते. वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्ती असेल तर मात्र सूट आहे.

चूक कुठे होते?

पहिली चूक म्हणजे ‘ले-ऑफ’ ऐकलं की नोकरी गेली असं समजून हिशेब मागणं आणि पुढे केलेल्या कागदावर सही करणं. तो कागद राजीनाम्याचा निघाला, तर कामगाराने स्वतःहून नोकरी सोडली असं होतं. मग ले-ऑफची भरपाई आणि कपातीचे पैसे, दोन्ही मागणं कठीण जातं. कागद हिंदीत असो की इंग्रजीत, ‘त्यागपत्र’ किंवा ‘रेझिग्नेशन’ शब्द दिसला तर आधी थांबावं.

दुसरी चूक याच्या उलट. ले-ऑफ आहे म्हणून थेट नागपूरला दुसऱ्या कामाला निघून जाणं. ले-ऑफच्या काळात ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजर राहावं लागतं, नाहीतर त्या दिवसाची भरपाई बुडू शकते. त्याच कारखान्यात तेवढ्याच पगाराचं, वेगळं कौशल्य न लागणारं काम दिलं आणि ते नाकारलं, तरीही भरपाई मिळत नाही.

म्हणून गेटवर ‘ले-ऑफ’ ऐकल्यावर तीन प्रश्न विचारावेत : नाव हजेरीपटावर आहे ना? किती दिवसांसाठी? हजेरी कुठे आणि किती वाजता? ठेकेदाराकडच्या कामगाराने हेच ठेकेदाराला विचारावं, कारण त्याची हजेरी त्याच्याकडे असते. नोटिशीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, हजर राहिल्याच्या तारखा वहीत लिहाव्यात. भरपाई मिळाली नाही तर श्रम विभागाच्या कार्यालयात तक्रार करताना हीच नोंद कामी येते.