नव्या स्वयंपाकघरात ओव्हन कोणता, गॅसचा की विजेचा?

नव्या घराचं बांधकाम प्लास्टरपर्यंत आलं की स्वयंपाकघराचे निर्णय भराभर होतात. ओट्याची उंची गवंडी ठरवतो, प्लगची जागा वायरमन ठरवतो आणि पुढची वीस वर्षं तिथं उभी राहणारी बाई ते सगळं नंतर पाहते. ओव्हनचं मात्र असं चालत नाही. तो विजेचा घ्यायचा असेल तर भिंतीत वायर आधीच जायला हवी. म्हणून आम्ही दुकानात जाण्याआधीच सासूबाईंना घेऊन हिशेबाला बसलो.

पहिला प्रश्न हा, की घरात भाजलं काय जातं? आमच्याकडे नानखटाई, अधूनमधून केक आणि ईदला मसाला लावलेली अख्खी कोंबडी. नानखटाईला कोरडी, सगळीकडून सारखी आच लागते. गॅसच्या ओव्हनमध्ये आच खालून येते, त्यामुळे ट्रे वर-खाली बदलत राहावे लागतात. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. कोंबडीला ही ओल मानवते. खुसखुशीत पदार्थाला नाही. विजेच्या ओव्हनमध्ये वर आणि खाली कॉइल असते. आत पंखा असेल तर आच आणखी सारखी पसरते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. २००० वॉटचा ओव्हन तासभर चालला तर जास्तीत जास्त २ युनिट जळतात. प्रत्यक्षात कमीच, कारण ठरलेली उष्णता आली की कॉइल आपोआप बंद होते. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन गुणाकार करा. भीती बरीच कमी होईल. पण वायरिंगमध्ये कंजुषी नको. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन लावणं म्हणजे आगीला दावत.

जिथं वीज रोज तासन्‌तास जाते, तिथं मात्र आम्ही गॅसच्याच बाजूनं आहोत. ऐन इफ्तारच्या आधी वीज गेली तरी तो चालत राहतो. फक्त ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय त्यात आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीशिवाय भिंतीत खाली जाळीही ठेवा. ज्या बहिणी घरून केक विकतात त्यांनी घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नये. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो.

आमच्या भागात वीज फारशी जात नाही. आम्ही विजेचा, ४० लिटरचा, पंखेवाला ठरवला. सासूबाईंची एकच अट होती, वाकावं लागू नये. म्हणून तो ओट्याखाली न ठेवता कमरेच्या उंचीवर बसवला.

तरीही रमजानच्या शेवटच्या दिवसांत दोन्हींची मर्यादा कळते. एक किलो मैद्याच्या साठ-सत्तर नानखटाया होतात आणि घरच्या ट्रेमध्ये एका वेळी पंधराच मावतात. पाच किलोंचा घाणा असेल तर मोहल्ल्यातल्या बेकरीची भट्टीच बरी. पत्र्याच्या ट्रेवर खडूनं नाव लिहा आणि गर्दी वाढण्याआधी, सकाळीच पाठवा.