शरीराला आठवतो तो घास

एकादशीची दुपार. शेजारच्या काकूंकडे फराळाला गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, हे तिलाही पक्कं ठाऊक आहे. म्हणून तिने साबुदाण्याच्या खिचडीला हात लावला नाही. काकडीची कोशिंबीर तेवढी घेतली. पण कोशिंबिरीत दाण्याचं कूट होतं! अख्खा दाणा दिसतो, बाजूला काढता येतो. कूट कुणाला दिसणार?

पाच मिनिटांत तळहात खाजायला लागले. ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. "अगं, पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावू या," काकू म्हणाल्या. तेवढ्यात मुलगी भडाभडा ओकली. आवाज घोगरा झाला, श्वासात शिट्टी वाजायला लागली. "काकू, मला कसंतरीच होतंय," एवढंच ती म्हणाली.

घड्याळ क्षणभर थांबवू आणि तिच्या कातडीच्या आत डोकावू. कारण आत जे चाललंय ते समजलं, की पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते पाठ करावं लागत नाही.

गोष्ट सुरू होते 1901 च्या उन्हाळ्यात, मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. त्यातला नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिली अल्पशी मात्रा सहज पचवून गेला. साधारण तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा तेवढीच मात्रा दिली. लशींच्या त्या काळात कुणालाही वाटलं असतं, की आता तो आणखी निर्ढावलेला असेल. पण काही सेकंदांतच त्याला धाप लागली आणि पंचवीस मिनिटांत तो गेला!

विष तेच, मात्रा तीच. मग बदललं काय? बदललं होतं कुत्र्याचं शरीर. पहिली भेट ते विसरलं नव्हतं. फायलॅक्सिस म्हणजे रक्षण. त्याच्या नेमक्या उलट असलेल्या या प्रकाराला त्यांनी 1902 मध्ये नाव दिलं ॲनाफायलॅक्सिस. 1913 मध्ये रिशे यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

ही आठवण शरीरात राहते तरी कुठे? त्याचं उत्तर मिळायला 1966 उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत काम करताना, अगदी स्वतःच्या पाठीवर टोचून घेत, रक्तातला एक अत्यंत दुर्मीळ प्रतिपिंड हुडकला. त्याचं नाव आयजीई. रक्तात तो जेमतेम दोन-तीन दिवस टिकतो. पण मास्ट पेशी नावाच्या पहारेकऱ्यांच्या अंगावर जाऊन बसला, की आठवडेच्या आठवडे तिथेच. या पेशी कुठे असतात? जिथे बाहेरचं जग शरीराला भिडतं तिथे, म्हणजे कातडीत, घशात, फुप्फुसांत, आतड्यांत. मुलीची तक्रार नेमकी याच ठिकाणांहून आली, पाहिलंत ना?

एका मास्ट पेशीवर असे लाखभर प्रतिपिंड रोवलेले असू शकतात. दाण्याच्या प्रथिनाने त्यातल्या एकालाच स्पर्श केला तर काही होत नाही. शेजारच्या दोघांना त्याने एकदम धरलं, त्यांना जोडलं, तरच दार उघडतं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, तसंच! एवढी खबरदारी घेणारी यंत्रणा, आणि तरी फसते ती चमचाभर कुटाला. जंतांसारख्या घुसखोरांशी लढायला घडवलेलं शस्त्र ते, चालतं मात्र कोशिंबिरीवर.

"पण आमच्या बाळाने दाणा पहिल्यांदाच खाल्ला होता," असं कितीतरी आया सांगतात. खरंच सांगतात. शरीराची पहिली भेट तोंडातून व्हायलाच हवी असं नाही. इसबाने सोललेल्या कातडीतून, घरातल्या धुळीतल्या अदृश्य कणांतूनही ती होऊ शकते. पोटाच्या वाटेने आलेल्याला शरीर सहसा पाहुणा मानतं, फाटक्या कातडीतून शिरलेल्याला चोर!

दार उघडलं की मास्ट पेशी आपल्या पोतड्या रिकाम्या करते. त्यातलं हिस्टामिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींना एकमेकींपासून दूर सारतं आणि भिंत झिरपायला लागते. कातडीखाली झिरपलं की गांधी, ओठांत झिरपलं की सूज, घशात झिरपलं की घोगरा आवाज. तिकडे श्वासनलिका आवळतात. झटका जबर असेल तर दहाएक मिनिटांत रक्तवाहिन्यांतल्या द्रवाचा तिसरा हिस्सा बाहेर जाऊ शकतो. एक थेंबही रक्त सांडलेलं नाही, आणि माणूस रक्तस्राव झाल्यासारखा पांढराफटक!

आता काकूंच्या वाक्याकडे परत जाऊ. नुसतं पित्त उठलं असतं तर आमसूल लावून वाट बघणं एक वेळ समजू शकलं असतं. पण पित्ताबरोबर श्वास, आवाज, उलटी किंवा गरगर यातलं काही जोडीला आलं, तर ते पित्त राहिलं नाही, तो ॲनाफायलॅक्सिस. आणि एक चकवा ध्यानात ठेवा. दहातल्या एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या अंगावर काहीच उठत नाही. नेहमी बाधणारं काही पोटात गेलं आणि अचानक शिट्टीसारखा श्वास, किंवा भोवळ, एवढ्यावरही ओळखायचं.

ॲलर्जीची गोळी? ती हिस्टामिनची पुढची वाट अडवते. खाज कमी होते. पण काम करायला तिला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि अन्नातून आलेल्या जीवघेण्या झटक्यात श्वास किंवा हृदय थांबायला बहुधा तेवढाच वेळ पुरतो.

मग काय चालतं? इथे मला सगळ्यांत जास्त नवल वाटतं. ॲड्रेनॅलिन! हा एकच रेणू सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतो, आवळलेल्या श्वासनलिका उघडतो, हृदयाला जोर देतो, आणि वर मास्ट पेशींना सांगतो, की पोतड्या बंद करा. एका ठिकाणी आवळायचं, दुसऱ्या ठिकाणी सोडायचं, हे त्याला कळतं कसं? त्याला कळत नाही. त्या-त्या पेशीने आपापल्या दाराला वेगळं कुलूप लावलेलं असतं, म्हणून तीच किल्ली प्रत्येक घरी वेगळं काम करते. आणि हे औषध आपल्याच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रोज बनवतात. जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवल्याचं जाहीर केलं तेही 1901 मध्येच. रिशे ज्या वर्षी जहाजावर होते, त्याच वर्षी!

ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. मांडीच का? मुलांवर केलेल्या मोजणीत मांडीच्या स्नायूत दिलेलं औषध सुमारे 8 मिनिटांत रक्तात शिगेला पोहोचलं. कातडीखाली दिलेल्याला 34 मिनिटं लागली. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन असतं, ते कपड्यावरूनही टोचता येतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण 1 मिलिलिटरची काचेची छोटी कुपी जवळपास प्रत्येक दवाखान्यात असते, आणि ती स्वस्त असते. वजनाच्या दर किलोला 0.01 मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त 0.5. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर पुन्हा. ज्यांना असा झटका एकदा येऊन गेला, त्यांनी कुपी, सिरिंज आणि ती भरायची रीत डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यावी. ऐन वेळी हात थरथरतात.

आणि आडवं ठेवायचं! आपल्या तोंडून पटकन निघतं, "ऊठ, तोंडावर पाणी मार, जरा मोकळ्या हवेत चल." विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार हवा ओढते, ते आठवा. झिरपलेल्या शरीरात उभं राहिल्याबरोबर उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि हृदय रिकामंच धडपडतं. असं अचानक उभं केल्यावर काही क्षणांत दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. म्हणून पाठीवर निजवायचं, पाय उंच. श्वास घेणं जड जात असेल तर पाय लांब पसरून बसतं करायचं. ओकारी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर.

घड्याळ पुन्हा सुरू करू. काकूंनी आमसूल बाजूला ठेवलं. मुलाला 108 लावायला सांगितलं, मुलीच्या आईला हाक मारली. आई कुपी आणि सिरिंज असलेला डबा घेऊन धावत आली. मांडीत सुई गेली. चौथ्या मिनिटाला श्वासातली शिट्टी मऊ झाली, सहाव्याला आवाज मोकळा. ओठांचा रंग परतला.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "आज रात्री इथेच राहू दे." पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी, दाण्याचा कणही नव्याने पोटात न जाता, दुसरी लाट येऊ शकते. मुलीला आता चक्क भूक लागली होती. ती कोपर टेकून उठायला लागली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा आडवी केली आणि पायांखाली दुसरी उशी सरकवली.