चाकांवरचे घर

'कारवाँ' हा शब्द तुम्हांला उर्दूतून चांगला ठाऊक आहे. एकत्र प्रवास करणाऱ्या लोकांचा तांडा म्हणजे कारवाँ. हा फारसी शब्द युरोपात गेला. तेथे चाकांवरच्या घरालाही तेच नाव मिळाले आणि 'कॅरॅव्हॅन' होऊन तो आपल्याकडे परत आला. पण या पाठातला प्रवासी मात्र एकटाच निघाला होता.

जॉन स्टाइनबेक हे अमेरिकेतील थोर लेखक. १९६० साली ते ५८ वर्षांचे होते. आपल्याकडे बहुतेक सरकारी कर्मचारी याच वयात निवृत्त होतात. आदल्या वर्षीच ते गंभीर आजारी पडले होते. तरीही, ज्या देशाविषयी आपण लिहितो तो पुन्हा डोळ्यांनी पाहावा, असे त्यांना वाटले. त्या सप्टेंबरात चार्ली नावाचा कुत्रा घेऊन ते निघाले आणि सुमारे १६,००० किलोमीटर फिरले.

त्यांची गाडी म्हणजे एक छोटा ट्रक. त्याच्या पाठीवर एक खोली बसवली होती. खोलीत पलंग, शेगडी, फ्रीजसुद्धा! डॉन किहोते या स्पॅनिश कथानायकाच्या घोड्यावरून त्यांनी गाडीला 'रोसिनान्ते' असे नाव दिले. ती गाडी कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे आजही जपून ठेवली आहे. हा सारा प्रवास अगदी एकट्याने झाला असे मात्र नाही. मध्येच पत्नी येऊन भेटली, काही रात्री हॉटेलात गेल्या. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

आता समजा, तुमचे दादाजान निवृत्तीनंतर पुण्याहून असेच निघाले. (मराठीत नुसते 'दादा' म्हटले तर मोठा भाऊ, हे विसरू नका!) आपण ज्याला टेम्पो म्हणतो, तशा गाडीवर खोली बांधता येईल का? येईल, पण मनाला येईल तशी नाही. गाडीच्या नोंदणीत जे लिहिले आहे, त्यात आर. टी. ओ.च्या परवानगीशिवाय बदल करता येत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात पलंग, गॅसची टाकी, भांडी. वजन उंचावर असेल तर वळणावर गाडी कलते. म्हणून पाण्याची टाकी आणि जड सामान तळाशी ठेवावे. मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा धरत नाही. अनुभवी चालक खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर वेग आवरतात.

तिसरी गोष्ट चालकाची. ५५ वर्षांनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. डॉक्टरांचा दाखलाही लागतो. दादाजानना याचा राग येईल. पण अंधारात समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात की नाही, हे त्यांनीच खरे सांगायला हवे.

राहता राहिला मुक्काम. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तरी अनोळखी गावात, दिवस असतानाच, विचारून गाडी उभी करणे बरे. आणि मुक्काम ठरला की घरी फोन. स्टाइनबेक वाटेतून पत्नीला पत्रे लिहीत असत.