ताई, दहा!

"तिथे नुसतं खेळवतात हो, उपचार असा काही नाहीच." ओळखीच्या एका आजोबांची ही तक्रार डोक्यात घोळत राहिली, म्हणून मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बाल व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागात जाऊन बसले. पहिल्या नजरेत आजोबांचंच खरं वाटतं. छताला टांगलेला झोपाळा, मोठाले चेंडू, राजम्याने भरलेलं घमेलं. झोपाळ्यावर तोल सावरायची सवय होते, राजम्यात लपवलेले प्राणी शोधताना बोटांना स्पर्श कळू लागतो. एवढं समजेपर्यंत माझं लक्ष एका शर्टाकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

मुलगा सहाएक वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे उजवा हात आखडलेला. थेरपिस्ट मॅडमनी त्याच्या शर्टाचं बटण काजातून अर्धं सरकवलं आणि म्हणाल्या, "आता ओढ." बोटं निसटली. परत निसटली. आईचा हात आपसूक पुढे आला. मॅडमनी मान न वळवता म्हटलं, "ताई, दहा!"

मदत करण्याआधी मनात दहा आकडे मोजायचे, हा इथला नियम. बटण लावणं उलटीकडून शिकवतात. आधीच्या सगळ्या पायऱ्या मोठ्यांनी करायच्या, शेवटची ओढ मुलाची. ती जमली की तिच्या आधीची पायरी. त्यामुळे काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं आणि तो पुन्हा करायला तयार होतो.

"पण मॅडम, सकाळी शाळेची रिक्षा दारात असते. दहा कुठले मोजू?" आईने विचारलं. बरोबरच होतं तिचं. मॅडमनी वाद घातला नाही. "मग सकाळी तुम्हीच लावा. संध्याकाळी कपडे बदलताना मोजा." घरचा अभ्यासही घरातलाच: मटार सोलायचे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचे, गल्ल्यात नाणी टाकायची. सगळ्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट. एरवी बाळाला ती वर्षाच्या आत येते. याला ती कमवावी लागते आहे. त्याला स्वतःला हवा आहे तो कॅरम, चाळीतल्या पोरांबरोबर. म्हणून बटणानंतर सोंगट्या येतात.

हे शास्त्र मुंबईला नवं नाही. मूळच्या अमेरिकन कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. तरी अजून 'नुसतं खेळवतात' हेच ऐकू येतं. आपल्याकडे भरवणं, कपडे घालून देणं म्हणजे माया. मूल अपंग असेल तर ती दुप्पट. त्या मायेपायी पुष्कळ मुलांच्या बोटांना कामच मिळत नाही, असं माझं मत तिथे बसल्यावर झालं.

बटण शेवटी आलं. मुलगा लगेच पुढच्या बटणाला भिडला. मॅडम आठवड्यातून एकदा भेटणार; उरलेले सहा दिवस घरच्यांचे. तेव्हा मूल बसायला, धरायला, खेळायला मागे वाटत असेल तर 'होईल मोठेपणी' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारली आहेत, आणि तिथली तपासणी मोफत असते. आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन चौकशी करा.