सीमाभागातील भाषिक अल्पसंख्याक आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

एकसदस्य मतदारसंघांच्या पद्धतीत अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व त्यांच्या एकूण संख्येपेक्षा त्यांच्या वस्तीच्या दाटीवर अवलंबून असते. विखुरलेला मोठा गट निष्फळ ठरतो. एकवटलेला लहान गट प्रतिनिधी निवडून आणू शकतो. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या इतिहासात या नियमाचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा वगळला जाऊन पुढे कोल्हापूर जिल्ह्यात आला. महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली. ती महाराष्ट्राने अमान्य केली. समितीची स्थिती विलक्षण होती. ज्या विधानसभेत ती प्रतिनिधी पाठवी, त्याच राज्यातून बाहेर पडणे ही तिची मुख्य मागणी होती. २२४ सदस्यांच्या सभागृहात दोन-चार जागांनी धोरण बदलणे अशक्यच होते. त्या जागांचे मोल साक्षीचे होते; प्रत्येक निवडणूक ही लोकेच्छेची नोंद मानली जाई. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले, ते याच हेतूने. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन सर्वसाधारण उमेदवाराची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली व तो मार्ग बिकट झाला.

२००८ साली, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, समितीला एकही जागा मिळाली नाही. २०१३ साली बेळगाव दक्षिण व खानापूर या जागा तिने जिंकल्या. २०१८ साली त्याही गेल्या. मान्यताप्राप्त पक्ष नसल्याने समितीचे उमेदवार कायद्याच्या दृष्टीने अपक्षच ठरत. परिणामी फूट पडली असता समितीचे नाव कोणाचे, याचा निवाडा मतपत्रिकेवर होत नसे. २०१८ साली खानापुरात दोन गटांच्या उमेदवारांची एकत्रित मते विजयी उमेदवाराहून अधिक होती.

राखीव जागा हा यावरील उपाय म्हणून सुचविला जातो. तथापि इराकचा अनुभव सावध करणारा आहे. तेथील ३२९ सदस्यांच्या संसदेत ख्रिस्ती समाजासाठी पाच जागा राखून ठेवण्यात आल्या. परंतु त्यांसाठी कोणत्याही धर्माच्या मतदारास मत देता येत असल्याने, बड्या पक्षांचे पाठबळ असलेले उमेदवार त्या पटकावतात, अशी खाल्डियन व अ‍ॅसिरियन पक्षांची तक्रार राहिली.

सारांश, जागा मिळणे आणि प्रतिनिधित्व मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. मतदार कोण, सीमा कोण आखतो आणि गटाचे नाव कोणी वापरावे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच अल्पसंख्याकांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचणे अवलंबून असते.