किनाबातांगानच्या काठाकाठानं

दुपारचे चार वाजले की सुकाऊच्या धक्क्यांवरून एकेक होडी सुटायला लागते. सुकाऊ हे किनाबातांगान नदीवरचं छोटं गाव, बोर्निओ बेटाच्या ईशान्येला, मलेशियाच्या साबा राज्यात. संडाकानहून गाडीनं दोन-अडीच तास लागतात आणि त्यातला बराचसा रस्ता पाम तेलाच्या बागांमधून जातो. दोन्ही अंगांना तेच झाड, त्याच अंतरावर, नजर पोचेल तिथवर. मग जंगल कुठे आहे? ते नदीकाठी आहे. खरं तर या भागात ते आता बरंचसं नदीकाठीच उरलंय.

होडी फायबरची, लांबट, आठ-दहा माणसांची. नाळेवर गाइड, मागे आउटबोर्ड इंजिनापाशी नावाडी. बोलणारा गाइड असल्यामुळे सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. मी मागच्या बाकावर बसलो होतो, आणि तिथे बसल्यावर कळतं की फेरीचं निम्मं काम पाठीमागे चाललेलं असतं. नावाडी वयानं मोठा, म्हणून गाइड त्याला ‘अबांग’, म्हणजे दादा, म्हणत होता. दादा एक शब्दही न बोलता इंजिनाचा आवाज खाली आणायचा आणि गाइडला समजायचं, काहीतरी आहे.

नदी ऐन दुधाच्या चहाच्या रंगाची. लांबी 560 किलोमीटर, शेवटी सुलू समुद्राला मिळणारी. इथे, खालच्या अंगाला, ती सपाट जमिनीवर वळणं घेत संथ वाहते. त्या पाण्यावरून पाहुणे प्राणी शोधतात, म्हणजे तपकिरी ठिपका, शेपूट, डोळे शोधतात आणि त्यांना काहीच दिसत नाही. नावाडी झाडांच्या शेंड्यांवरची हालचाल बघत असतो. वारा पडलेला असताना एखादी फांदी खाली जाऊन झटकन वर आली तर माकडानं उडी मारलीय. हलणारी पानं एकाच दिशेनं सरकत चालली तर अख्खा कळप निघालाय. फांदी सावकाश वाकली आणि वाकलेलीच राहिली तर मात्र तिच्यावर काहीतरी वजनदार आहे, बहुधा ओरांगउटान. ओरांगउटान जवळजवळ रोज रात्री फांद्या मोडून नवं घरटं बांधतो. त्या घरट्यातली पानं हिरवी असतील तर जनावर आसपास असण्याची आशा, तपकिरी असतील तर तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

धनेश तर आधी ऐकूच येतो. त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला मोठ्या पिसांची मुळं झाकणारी छोटी पिसं नसतात, त्यामुळे हवा पिसांच्या फटींतून सुसाटत जाते. या नदीवर धनेशाच्या आठ जाती आहेत. त्यातला काळा-पांढरा धनेश कोकणात चिपळूण-सिंधुदुर्गाकडे दिसणाऱ्या मलबारी कवड्या धनेशाचा जवळचा नातलग. मराठी माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. मगरींचं तसं नाही. वाशिष्ठीतल्या मगरीच्या सवयीनं बघायला गेलं तर इथली खाऱ्या पाण्यातली मगर अंगानं बरीच मोठी आणि स्वभावानं बरीच वाईट. होडीबाहेर हात लोंबकळत ठेवायचा नाही, हा नियम इथे दोनदा सांगतात.

प्राणी सापडला की खरी परीक्षा इंजिनाची. प्रवाहाबरोबर खाली येताना थांबायचं म्हटलं तर पाणी होडीला पुढे ओढून नेतं. म्हणून दादा आधी झाडाच्या पुढे निघून जायचा, वळायचा, आणि नाळ प्रवाहाकडे करून इंजिन इतकंच चालू ठेवायचा की होडी जागच्या जागी राहावी. पाणी मागे ढकलतंय, इंजिन पुढे, आणि फोटो काढणाऱ्याला वाटतं आपण नांगर टाकलाय. काठाच्या फार जवळ जायचं नाही, कारण वरच्या फांद्यांवर मुंग्या असतात आणि कधी कधी काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला सापही वेटोळं करून बसलेला असतो.

मेनांगुल या अरुंद उपनदीत शिरल्यावर इंजिन जवळजवळ बंदच. काही होड्यांना आता विजेवर चालणारी मोटर असते. तिथे वेळेचा उलगडा होतो. चारची वेळ पाहुण्यांच्या चहानंतरची म्हणून नसून माकडांच्या वेळापत्रकावरून ठरलेली आहे. फक्त बोर्निओत सापडणारं प्रोबोसिस माकड दिवसा पाला शोधत आत जातं आणि संध्याकाळी झोपायला पाण्याकाठच्या झाडावर परत येतं. जरा उशीर केला तर नुसत्या आकृत्या दिसतात.

आम्ही पोचलो तेव्हा एक मोठा नर मोकळ्या फांदीवर पाय सोडून बसला होता. नाक ओठांवरून खाली लोंबणारं, पोट नगाऱ्यासारखं पुढे, कंबरेपासून शेपटीपर्यंत सगळं पांढरं. खालच्या फांद्यांवर त्याच्या माद्या, त्याच्या निम्म्या वजनाच्या, आणि पिल्लं. तो मधूनमधून नाकातून घोगरा आवाज काढायचा आणि पिल्लांची दंगल तेवढ्यापुरती थांबायची. आपल्याकडच्या वानरांच्याच कुळातलं हे पालेखाऊ माकड. पोटात अनेक कप्पे आणि त्यात पाला आंबवणारे जिवाणू. पिकलेलं गोड फळ त्याला चालत नाही, पोटात गॅस होतो, म्हणून फळ खायचं ते कच्चं. याच मेनांगुलच्या काठावर इक्की मात्सुदा हे जपानी संशोधक वर्षानुवर्षं या माकडांवर काम करत आहेत. ही माकडं खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चावतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवलं. गुरांसारखं रवंथ करणारं माकड याआधी कुणाच्या नोंदीत नव्हतं.

मग एका मादीनं उडी घेतली. पोटाशी पिल्लू. पलीकडच्या काठावरच्या पानांत ती आदळली, फांदी पाण्याला टेकून वर आली. मागोमाग बाकीच्या. ओलांडायला जागा निवडतात ती अशी अरुंद, कारण पायांच्या बोटांत पडदा असला आणि पोहता उत्तम येत असलं तरी पाण्यात मगर आहेच.

एका संध्याकाळी इतकं दिसतं, याचं पाहुण्यांना फार अप्रूप. मला ते जरा संशयास्पद वाटत होतं, आणि त्याचं कारण येतानाच्या रस्त्यावर होतं. 1950 च्या दशकापासून इथलं मोठं लाकूड निघालं, 1980 च्या दशकापासून पामच्या बागा पसरल्या. 2005 साली अभयारण्य जाहीर झालं, साधारण 26,000 हेक्टरचं, पण दहा तुकड्यांत. मधल्या जागेत बागा, गावं, रस्ते. साबाच्या 1998 च्या कायद्यानं नदीकाठचा 20 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. तरी काही ठिकाणी पामच्या झावळ्या पाण्यावरच आलेल्या दिसतात. सगळ्यांनी याच चिंचोळ्या पट्ट्यातून ये-जा करायची म्हटल्यावर होडीतून दिसणार नाही तर काय होईल? हत्तींना बागांच्या विजेच्या तारा चुकवत काठाकाठानंच चालावं लागतं. ओरांगउटानला पोहता येत नाही. उपनद्यांवर कमान धरणारी जुनी झाडं तुटल्यावर त्याची वाटच संपली. म्हणून तिथे काम करणाऱ्या संस्थांनी आणि गावकऱ्यांनी काठ ते काठ दोर आणि जुने फायर होज बांधले, आणि काही ओरांगउटान ते वापरायलाही लागले. आणि हो, त्या बागांमधलं तेल कुठे जातं, हे आपण विचारू नये असं नाही. पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, मलेशिया त्याच्या मोठ्या पुरवठादारांपैकी एक. फरसाणाच्या पाकिटामागे बारीक अक्षरात ते छापलेलं असतं.

हत्ती आम्हाला दिसले, पण मजा आली नाही. वरच्या वळणावर कळप गवत खात होता, निरोप फोनवरून सगळीकडे गेला आणि बघता बघता होड्यांची रांग लागली. एक मादी पिल्लाला मधे घेऊन झाडीकडे वळली. दादानं कुणाला न विचारता होडी मागे घेतली. पुढच्या बाकावरच्या एका पाहुण्यानं कुरकुर केली, त्याचा फोटो राहिला होता. गाइडनं त्याला शांतपणे सांगितलं की कळपाला पाण्यावर यायला जागा दिली तर उद्याही ते इथेच सापडतील.

परतल्यावर पाहुण्यांनी हस्तांदोलन केलं ते गाइडशी, आणि बक्षिसीही त्याच्याच हातात ठेवली. दादा इंजिन वर उचलून पंख्यात अडकलेलं गवत काढत होता, खांद्यात फोन धरून कुणाशी तरी बोलत होता. कळप बिलित गावाच्या दिशेनं वर सरकला असेल तर पहाटे साडेपाचलाच निघावं लागणार होतं, आणि पेट्रोलचा एक कॅन जास्त लागणार होता.