चांदलाईचे रोहित आणि खुली पक्षिनोंद

जयपुरातील प्रताप नगरपासून टोंक रस्त्याने दक्षिणेकडे गेल्यास चांदलाईचा तलाव लागतो, आणि तेथे दिसणाऱ्या रोहित पक्ष्यांची नोंद कोणताही निरीक्षक ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य करू शकतो. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ साली सुरू केलेल्या या व्यवस्थेचे खरे बळ ‘संपूर्ण यादी’त आहे: किती वेळ पाहिले, किती अंतर चालले आणि ओळखता आलेले सर्व पक्षी कोणते, हे नोंदवले गेल्याने न दिसलेल्या पक्ष्याची अनुपस्थितीही माहिती ठरते. ऋतूला किंवा प्रदेशाला न शोभणारी नोंद संगणकीय गाळणी बाजूला काढते व स्थानिक जाणकार ती तपासतात. हे निरपेक्ष श्रम विशेष आदरास पात्र आहेत. अशाच नोंदींच्या आधारे, सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक निरीक्षणांतून, ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालाने ९४२ जातींची स्थिती मांडली. म्हणूनच प्रताप नगरातील गच्चीवरून केलेली चिमणी, होला, साळुंकी यांची साधी यादीही दुर्मीळ पक्ष्याच्या छायाचित्राइतकीच मोलाची आहे, कारण सामान्य पक्ष्यांची घट केवळ सातत्याने केलेल्या नोंदींतूनच उमगते. शिकार वा उपद्रवाचा धोका असलेल्या जातींची नेमकी ठिकाणे मात्र ‘ईबर्ड’ जाहीर करीत नाही.